खंडारे सरांचे तास

"थांबा मास्तर, तुमाले जरा मोठं करून पाह्यतो," असं म्हणत खंडारे सरांनी गळ्यातल्या दोरीचा मोबाइल माझ्या नाकाशी आणला. आसेगावजवळच्या त्या शाळेतला माझा पहिला दिवस होता. स्क्रीनवर माझा गाल परातीएवढा झाला असावा. "दाढी घाईत केली," एवढं सांगून ते चहा प्यायला लागले. स्टाफरूममध्ये कुणी हसलं नाही. अशी तपासणी कधी ना कधी सगळ्यांचीच झाली होती.

सरांची नजर दोन्ही बाजूंनी मिटत चालली होती. नळीतून पाहावं तेवढंच समोरचं दिसे, तेही धुरकट. ते मराठी शिकवायचे. वह्या भिंगाच्या मशीनखाली ठेवायचे; पडद्यावर एकेक अक्षर मुठीएवढं होई. कुणी गिचमिड लिहिलं की म्हणत, "लहान लिहून चूक लपते काय रे? माह्याकडं तं ते पहिले मोठी होते." जीभ तिखट. एकदा एका दांडग्या पोराला म्हणाले, "मले कमी दिसते, तुले कमी समजते. माह्या रोगाले मशीन निघाली, तुह्या रोगाले कधी निघन?" वर्ग हसला. तो पोरगा हसला नाही.

आठवीतली पायल मात्र त्या मशीनला चिकटून बसायची. तिला जन्मापासून अंधुक दिसे. तोवर तिनं फळ्यावरचं एकही अक्षर वाचलेलं नव्हतं. शेजारणीचं ऐकून लिहायची. सरांनी तिला मशीनखाली पुस्तक सरकवायला शिकवलं. पहिल्यांदा धडा वाचताना ती मधेच अडली. "सर, हे शेपटीवालं काय हाय?"

"स्वल्पविराम. तिथं दम घ्याचा, मंग पुढं जाचं."

सरांचा मोबाइल पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवी. एक दिवस ते वर्गाला त्याच्यावरून कविता ऐकवत होते. मधेच अनोळखी नंबरावरून मेसेज आला आणि मोबाइलमधल्या बाईनं तोही त्याच सपाट आवाजात वाचला, "आंधळ्या, घरी बस. त्या आंधळीलेही सोबत ने." पोरांनी बाकं बडवली.

"बाईचा उच्चार पाहा," सर म्हणाले. "ळ कसा साफ हाय. तुमच्यातल्या एकाले तरी जमते काय?" त्यांनी कविता पुढे चालू केली. पायलनं तास संपेपर्यंत मान वर केली नाही.

मुख्याध्यापकांनी पाठवणाऱ्याला शोधलं नाही, सरांनाच बोलावलं. "तुमच्या मशीनींपायी वर्गाची शिस्त जाते. कपाटात ठेवा त्या." मग संस्थेची मंडळी आली. भर वर्गात सरांच्या हाती पुस्तक देऊन म्हणाली, "मशीनशिवाय वाचा." सर पान नाकाला लावून, मान फिरवत अक्षरं शोधत राहिले. मागच्या बाकांवरची पोरं आणि खुर्च्यांवरची मंडळी, सगळीच हसली. नोकरी काढून घेता येत नव्हती, म्हणून तास काढून घेतले. सर दिवसभर कार्यालयाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसू लागले.

पायल पुन्हा शेजारणीचं ऐकून लिहायला लागली. दिवाळीनंतर ती आलीच नाही.

"गाडी काढा मास्तर," सर म्हणाले.

तिच्या वडिलांचा भाजीचा मळा होता. ते वाशीमच्या बाजारासाठी वांगी पोत्यात भरत होते. सरांनी नमस्कारही केला नाही. "पोरीले काहून घरी बसवलं? तिचे डोळे नाई गेले, तिची मशीन गेली. फोनवर बी वाचता येते. मी शिकवतो तिले."

वडील हात पुसत उभे राहिले. आवाजात राग नव्हता. "सर, तुमी तं एवढे शिकले. तुमच्यापाशी मशीन बी होती. तरी त्याईनं तुमाले कुठं बसवलं?"



पायल पलीकडच्या सरीत काटे चुकवत, बोटांनी चाचपून वांगी तोडत होती. सरांचा आवाज ओळखून ती उभी राहिली होती. आता ते काय म्हणतात म्हणून तिनं कान दिला होता. सरांचं तोंड भलतीकडेच होतं. ती तिथं आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं.

"चला मास्तर," ते म्हणाले.

 पायल पुन्हा वांग्यांवर वाकली.