आईच्या पोटावरची खूण

मूत्रपिंडं थकल्यावर आईपुढे दोनच वाटा होत्या. रोह्याला माझ्याकडे राहून आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर जायचं, नाहीतर पोटात नळी बसवून घ्यायची आणि कासूच्या आपल्या घरातच दिवसातून चारदा औषधाचं पाणी पोटात सोडायचं आणि काढायचं. आईनं विचारसुद्धा केला नाही. "लेकीच्या घरात किती दिस ऱ्हायचं गो?"

पेणच्या डॉक्टरांनी समजावलं, पोट फाडायचं नाही. दोन-तीन बारीक छिद्रं पाडायची, आत दुर्बीण घालायची आणि बघूनच नळी जागेवर ठेवायची. नळीचं तोंड बाहेर कुठे काढायचं, तेवढं आधी ठरवायचं. त्यावर परकराची नाडी काचली की जखम चिघळते, आणि मग मशीनवर जाणं काही चुकत नाही.

"आजी, साडी कुठे बांधता?" नर्सबाईंनी विचारलं. आई लग्नाला निघाल्यासारखी बेंबीच्या वर साडी नेसून आली होती. बाईंनी तिथून बरंच खाली पेनानं खूण केली.

घरी, वालाच्या शेतात, आईची नाडी बेंबीच्या चांगली चार बोटं खाली असते. खूण नेमकी तिथेच आली होती. मी तसं बोलून गेले.

"डॉक्टरसमोर ह्ये सांगायचं व्हय?" आई लाजेनं लाल झाली. मीही तिचीच लेक, डोकं फिरलं. "मग राहा माझ्याकडे जन्मभर!"

बोलले आणि लगेच वाईट वाटलं. आई गुपचूप पडद्यामागे गेली आणि घरच्यासारखी नेसून आली. उभी राहिली, उकिडवी बसून दाखवलं. डॉक्टरांनी पहिली खूण पुसून नाडीच्या वर नवी केली.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर मी महिनाभर कासूला राहिले. हात धुण्यापासून सगळं दोघी मिळून शिकलो. मी दोनदा चुकले, ती एकदाही नाही. पिशवीत उतरलेलं पाणी दारातल्या उजेडात धरून विचारायची, "हाय ना साफ?"

एका सकाळी तिनं माझी बॅग भरून ओटीवर ठेवली. "जा गो आता तुझ्या घरी. माझं मी करीन. नाय जमलं तर फोन हाय."

याच्यासाठीच तर मी भांडले होते. तरी स्टेशनवर रोह्याच्या गाडीची वाट बघताना मला रडू आवरेना. खरं सांगायचं तर मला ती माझ्याकडेच हवी होती.