हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे

आमचे टीम लीड कंपनीची परवानगी न घेता कामं उरकायचे. आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

विलासभाऊ. मूळचे उमरेडचे. 'सर' म्हटलेलं अजिबात खपायचं नाही.

कंपनी मोठी. इतकी मोठी, की आमच्या बिल भरायच्या अ‍ॅपमध्ये अक्षरं मोठी करायचं एक बटण टाकायलाही साऱ्या दुनियेचं अप्रूव्हल लागायचं.

कोड मी दोन दिवसांत लिहिला. मग अख्खा उन्हाळा गेला.

डिझाइनवाले म्हणे सिक्युरिटीला विचारा. सिक्युरिटी म्हणे कमिटीकडे जा. कमिटी सगळे मेंबर हजर असतील तेव्हाच बसायची. म्हणजे बसायचीच नाही.

इकडे घरी माझे बाबा. मोतीबिंदूमुळे त्यांना स्क्रीनवरचं धड दिसायचं नाही. रोज विचारायचे, "काय वं, आलं का तुझं बटन?"

शेवटी वैतागून राजीनामा टाइप केला आणि लॅपटॉप भाऊंसमोर ठेवला. मी खरंच नोकरी सोडणार होते.

"काहून वं? एका बटनापायी नोकरी सोडून राहिली?"

"भाऊ, कोणी हो म्हणतच नाही."

"नाही तरी म्हटलं का कोणी?"

तसं लिहून कोणीच दिलं नव्हतं.

जमीन घेताना पेपरात जाहीर नोटीस देतात ना, तसा मेल भाऊंनी सगळ्यांना ठोकला. 'हा बदल सोमवारी लाइव्ह होईल. कोणाची हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे.'

वर मला म्हणाले, "मेल वाचते कोण? अन् वाचला तरी हरकतीखाली आपलं नाव कोण टाकते?"

शुक्रवार आला. भाऊ आरामात कोथिंबीर भरलेली सांबारवडी खात बसलेले. एकही मेल आला नाही.

सोमवारी बटण लाइव्ह!

बाबांनी स्वतःच्या हातानं बिल भरलं आणि आमच्या मनीषनगरातल्या अर्ध्या शेजाऱ्यांना फोन दाखवून आले.

राजीनामा मी डिलीट केला. आजही त्याच कंपनीत आहे. मजेत आहे.

भाऊंना कशाचीच भीती वाटत नाही, असं मला कायम वाटायचं.

काल वहिनींना भेटायला गेले. हा किस्सा निघाला. त्या हसल्या.

"शुक्रवारपर्यंतचा तो हप्ता? यायले झोप कुठं होती वं! म्हणे, कोणाची हरकत आली तं माही नोकरी जाते. मी म्हटलं, मंग काहून पाठवला मेल?"

"काय म्हणाले?"

"म्हणे, नसता पाठवला तं पोरगी गेली असती."

भाऊ, हे तेव्हा कळलं असतं तर मी तुम्हाला तो मेल पाठवू दिला नसता.

तुम्हाला ते माहीत होतं.

खूप आठवण येते. मनापासून नमस्कार, भाऊ.