विमलाकाकू आणि भिंतीवरचं पान

नाहूरला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर विमलाकाकू घाडी राहतात आणि त्यांचा कुत्रा काजू. मी इथल्या कुत्र्यांसाठी कमिट्यांशी भांडत असते. ही अक्कल मला कुठल्या शाळेने दिली नाही, पण कोण कुत्रं पाळतो आणि कोण नुसता मिरवतो, ते लांबून कळतं. काकू पाळणाऱ्यांतल्या.

सकाळी चहाच्या आधी काजूचं शिळं पाणी ओतून भांडं घासायचं. फिरवून आणलं की जुन्या लुंगीने त्याचे पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधायची. जेवण भात-अंडं, बिनमिठाचं. कांदा नाही, बिस्किटं तर नाहीतच. आणि शेवटी त्याचा ओठ वर करून हिरड्या बघायच्या.

"पेरूसारखी गुलाबी होयी," त्या म्हणायच्या. "हं, मीट आता तोंड, मेल्या."

बाहेरचं खाणं बंद म्हणजे बंद. वरच्या श्वेताने एकदा पोळीचा तुकडा टाकला, तर काकू तिथल्या तिथे म्हणाल्या, "तुज्या घोवाक घाल गो. तो बारीक झालोहा."

लुंगी धोंडूकाकांची. काजू पिल्लू असताना त्यांनीच त्याला शर्टात घालून आणलं होतं. गेल्या वर्षी काका गेले. शेवटी शेवटी त्यांचा एकच धोशा होता, माका गावाक न्या. काकूंनी नेलं नाही, तिथे डॉक्टर लांब. ते काकूंच्या मनात रुतून बसलं होतं.

यंदा पितृपक्षात काकूंनी काकांचं पान कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी. कावळा येईना. पत्र्यावर बसलेले दोन कावळे पानाकडे बघून उडून गेले. ऊन डोक्यावर आलं तरी काकू तिथेच हात जोडून उभ्या.

"ह्येंचो राग अजून गेलो नाय," मला म्हणाल्या.

पानाला लागूनच हिरवट वडीसारखं काहीतरी पडलं होतं. शेजारच्या कुणी आपल्या माणसासाठी ठेवलं असेल, असं समजून काकूंनी त्यालाही नमस्कार केला. तेवढ्यात काजूने भिंतीवर पाय टाकले आणि सगळं साफ केलं, वडीसकट. काकूंनी अडवलं नाही. कुत्र्याचाही मान असतोच पितरांच्या पानात. काकाच काजूच्या तोंडून जेवले असं मानून, डोळे पुसत त्या घरात गेल्या. त्या दिवशी वर्षभरानंतर पोटभर जेवल्या.

काजू मजेत होता. सोसायटीत मात्र वास सुटला. जिन्याखाली उंदीर मरून पडलेला, मग गटाराच्या झाकणाशी आणखी. लोक नाक धरून जात होते आणि वर सोसायटीच्या सेक्रेटरीला, नंदकिशोरला, शाबासकी देत होते. काकू नेहमीसारख्या भांडं घासत होत्या, गोचीड शोधत होत्या.

मग एका सकाळी त्यांनी ओठ वर केला. पेरू पांढरा पडला होता.

आम्ही रिक्षात घालून त्याला डॉक्टर रेवतीकडे नेलं. त्याच्या पोटावर जांभळे डाग उठलेले. डॉक्टर म्हणाली, "आतल्या आत रक्त जातंय. उंदराचं औषध खाल्लंय का? ते लगेच दिसत नाही, काही दिवसांनी पकडतं."

"बाहेरचा काय्येक खाणा नाय तो," काकू ताठ मानेने म्हणाल्या.

"नक्की, आजी? विष असेल तर त्यावरचं औषध वेगळं आहे. चुकीच्या वाटेने गेले तर वेळ जाईल."

मला ती वडी आठवली. "काकू, पान?"

"तां खाणा न्हय गो. तां पान."

"शेजारी हिरवं काय होतं?"

काकू काजूचं डोकं मांडीवर घेऊन त्याचे कान कुरवाळत बसल्या. डॉक्टर सुई हातात धरून थांबलेली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण गप्प राहिले. कारण ती वडी विष होती असं म्हणायचं, तर मग त्या दुपारी पान स्वीकारायला कोण आलं होतं?

"खाल्ल्यान," शेवटी काकू म्हणाल्या. "हिरवा व्हता तां पण खाल्ल्यान." मग अगदी हळू, "म्हणजे ते इलेच नाय."

सुई टोचली. आजची रात्र बघू, डॉक्टर म्हणाली, काही सांगता येत नाही. काजूला तिथेच ठेवून घेतलं.

गेटवर नंदकिशोर भेटला. "औषधाचं ग्रुपवर टाकलं होतं मी," म्हणाला.

"काकूंकडे बटणांचा फोन आहे. आणि कावळे आहेत का तुमच्या ग्रुपवर?" मी म्हटलं. तो आमच्या मागोमाग भिंतीपर्यंत आला.

भिंतीवर आणखी हिरव्या वड्या पडलेल्याच होत्या. कुणीतरी त्यांच्याच मध्ये ताजं पान मांडून गेलं होतं. मी वड्या गोळा करायला पिशवी आणायला वळले, आणि पत्र्यावरून एक कावळा उतरला. थेट पानाशी.

काकूंनी पायातली चप्पल काढून भिरकावली. "हाऽड."

"काकू, पितर असतात हो," नंदकिशोर दचकून म्हणाला.

"असांदेत." काकूंनी दुसरी चप्पल हातात घेतली. "म्हणानच सांगतंय, हय जेवू नका."

कावळा उडाला आणि पत्र्यावर जाऊन बसला. त्याच्या शेजारी आणखी दोघे आले. तिघेही पानाकडे बघत होते.