न्याबो हात देत नाही

मसाका गावी सुईणींना जे शिकवतात, ते त्या आपापल्या दवाखान्यात खरंच करतात का, हे बघत हिंडणं हे नालवाद्दाचं काम. जन्मभर बाळंतपणं केलेली बाई. नवरा गेला, मुली लांब गेल्या, आणि ही तपासणी गळ्यात पडली. भाड्याच्या खोलीत रेडिओशिवाय तिच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. दवाखान्यात सुईण तिकडच्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून दोन्ही हातांनी तिचा हात धरायची, 'न्याबो', म्हणजे बाईसाहेब, अशी हाक मारून खुशाली विचारायची. खरं सांगायचं तर नालवाद्दा त्यासाठीच जायची.

घोळ नेमका तिथंच होता. धुतलेले हात बाळंतिणीशिवाय कशालाही लावायचे नाहीत, हा शिकवणीतला पहिला धडा. सुईण हात धुऊन वळायची, वडीलधारी पाहुणी दिसली की शिकलेलं विसरून हात पुढे करायची. पाहुणी तो आनंदानं धरायची आणि मग कागदावर तिला नापास करायची. वर पुन्हा हिलाच कोडं पडायचं, की शिकवलेलं टिकत का नाही!

नाकिमुलीच्या दवाखान्यात तिचे डोळे उघडले. या पोरीला ताकीद मिळाली होती, पुन्हा नापास झालीस तर बाळंतपणं बंद. खाटेवर बाई कळा देत होती. नाकिमुली हात धुऊन वळली, आणि सवयीनं गुडघे टेकून तिनं हात पुढे केले. नालवाद्दानं आपले हात पाठीमागे नेले.

पोरीचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का, न्याबो?"

"तुझं नाही गं, माझंच चुकत आलंय. ऊठ. माझा हात धरून काय मिळणार तुला? ती विव्हळतेय, तिच्याकडे बघ."

बाळ सुखरूप झालं, नाकिमुली पास झाली. न्याबो हात देत नाही, ही बातमी सगळ्या सुईणींत पसरली. मग जिथं जावं तिथं त्या लांबूनच गुडघे टेकत आणि धुतलेले हात कशालाही न लावता कामाला लागत. नालवाद्दाला एकटं वाटे, पण तिनं एकेकीला प्रामाणिकपणे पास केलं.

वर्षअखेरीला कचेरीतल्या साहेबानं तिला बोलावलं. शिकवलेलं पक्कं रुजलंय, आता तपासायला हिंडायची गरज उरली नाही, असं सांगून त्यानं अभिनंदनासाठी हात पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. बोलणं संपलं, साहेबाचा फोन वाजला, तरी तिनं धरूनच ठेवला. शेवटी त्यानंच तो हळूच सोडवून घेतला.