दोनदा जड होणारी खळ

गौरम्माच्या हातची खळ शहराच्या पूर्व भागातल्या एका हातमागावर तीन पिढ्या चालली, असं कुणी म्हटलं की ती लगेच दुरुस्ती करायची. "तीन कुटल्या? दोनच. माजी सासू आन् मी."

हातमागावर ताणा चढवण्याआधी त्याच्या उभ्या धाग्यांना पिठाची शिजवलेली पातळ पेज पाजावी लागते. तीच खळ. ती नीट बसली तर धागा गुळगुळीत राहतो. नाही बसली तर फणीच्या घासण्याने पिंजतो आणि तुटतो. अक्कलकोटजवळच्या खेड्यातून सोळाव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या गौरम्माला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला मराठी येत नव्हती, मागवाल्यांचं तेलुगू तर दूरच. सासू चंद्रव्वाने कानडीत तिला एवढंच शिकवलं: मैदा थंड पाण्यात कालवायचा, जुन्या धोतराच्या धडप्यातून गाळायचा, मंद आचेवर ठेवायचा आणि बाभळीचा दांडा एकाच दिशेने फिरवायचा. दांडा जड झाला की घाई करायची नाही. पातेल्यावर वाकून वास घ्यायचा. कच्च्या पिठाचा वास गेला की उतरवायचं.

पुढे सासू गेली, नवरा शिवयोगी गेला, आजूबाजूचे हातमाग एकेक करून विकले गेले. ती जिथे खळ शिजवायची तो अमरेशच्या वडिलांचा कारखाना दोन मागांवर आला आणि मग एकावर. चूल मात्र गौरम्माकडेच राहिली.

साथीच्या दुसऱ्या वर्षी ती तापाने पंधरा दिवस पडली होती. बरी झाली, पण नाक परत आलं नाही. एकदा तिच्या पाठीमागे दूध करपलं आणि तिला कळलंच नाही. सून रेश्मा स्वयंपाकघरात धावत आली.

"अत्त्या, घरभर करपट वास सुटलाय की! कुटं होता तुमी?"

"डोळा लागला गं."

डोळा लागलेला नव्हता. पण खरं सांगितलं तर ते कारखान्यापर्यंत जायला किती वेळ लागला असता? खळवाल्या बाईला वासच येत नाही म्हटल्यावर तिला चुलीपाशी कोण बसू देणार? गौरम्माने त्यावर आपली युक्ती काढली. दांडा जड झाला की शंभर फेरे मोजायचे आणि उतरवायचं. मैद्याच्या खळीला हे चालून गेलं. चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

यंदा फेब्रुवारीत, वडिलांनंतर कारखाना सांभाळणाऱ्या अमरेशने बारीक सुताच्या साड्यांचं काम घेतलं. नुसत्या मैद्याची खळ त्या सुतावर जाड बसते, म्हणून त्याने टॅपिओकाच्या पिठाचं पोतं आणलं. ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याचंच पीठ. "मावशी, निम्मा मैदा, निम्मं हे. धाग्याला चकाकी येते म्हणतात."

चकाकी आली. नेहमीच्या निम्म्या वेळातच दांडा जड झाला. खळ काचेसारखी दिसायला लागली, दांडा उचलला की लांब तार सुटायची. इतकी देखणी खळ तिने आयुष्यात पाहिली नव्हती. शंभर फेरे मोजून तिने पातेलं उतरवलं.

तिसऱ्या दिवशी माग सारखा थांबू लागला. मागावर विणायला अंबादास होता. घरात तेलुगू, गल्लीत दखनी उर्दू आणि भांडायला मराठी, अशी त्याची वाटणी होती.

"गौरक्का, खळ पाजलीस का ताक? चार बोटं विणलं, सात गाठी मारल्या!"

"तुजाच हात जड झालाय. काल काय खाल्लंस?"

"हात जड असता तर सात गाठी तरी मारता आल्या असत्या का?"

अमरेश आला, त्याने तुटके धागे पाहिले आणि तोंड पाडलं. "पीठच खराब निघालं वाटतं. दुकानदाराकडं परत टाकतो. मावशी, अजून एक ताणा करून बघू. तोही असाच गेला तर बाहेरून खळ दिलेलं तयार सूत आणतो. तुम्हीही किती दिवस चुलीपुढं बसणार? जरा आराम करा."

आराम हा शब्द तिला झोंबला. दोघं जेवायला गेल्यावर ती मागाखाली वाकली. फणीच्या खाली जमिनीवर पांढरी भुकटी पडलेली होती. शिजलेली खळ घासून पडली तर तिचे चुरचुरीत पापुद्रे पडतात. हे तसं नव्हतं. तिने ओलं बोट टेकवून जिभेला लावलं. चव कळेना, पण भुकटी टाळूला खडूसारखी चिकटली.

कच्चा मैदा.

म्हणजे आधी फुगलं ते कंदाचं पीठ. दांडा त्यानेच जड केला आणि मैदा तसाच राहिला. वास आला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. दोष पिठाचा नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. गप्प राहिलं तर अमरेश पोतं परत करणार होता, आणि ही गोष्ट तिच्याशिवाय कुणालाच कळणार नव्हती. पण दुसरा ताणा? तो कशाच्या जोरावर शिजवायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने छोट्या पातेल्यात तेच मिश्रण लावलं. दांडा जड झाला. शंभर फेरे झाले, तरी ती थांबली नाही. थोड्या वेळाने दांडा हातात सैल पडला. चंद्रव्वाच्या हिशेबाने जड झालेली खळ पातळ झाली म्हणजे ती वाया गेली. तरी गौरम्मा फिरवत राहिली. पेजेतला दुधी पांढरेपणा हळूहळू उतरला. दांडा पुन्हा जड होत चालला, पण पहिल्यासारखा एकदम नव्हे. शेत भिजत जावं तसा सावकाश. तो कुठे थांबवायचा, हे मात्र हात सांगेना. थोडं अलीकडे थांबलं तर कच्चं, फार पुढे गेलं तर ताण्याला धरणारच नाही.

मागे अंबादास चप्पल काढत होता.

"अंबादास, हितं ये. वास घे."

"कशाचा?"

"खळीचा. कच्च्या पिठाचा वास येतो का सांग."

"मला काय विचारतेस? मी तंबाखू खाणारा माणूस, आणि तुझं नाक तर एवढं तिखट..."

"माजं नाक गेलंय. साथीत गेलं. चार वरसं झाली." दांडा फिरतच होता. "पैल्या ताण्याला कच्ची खळ मीच पाजली. पिठाचा दोष न्हाय."

दारात अमरेश उभा होता. त्याने किती ऐकलं, हे बघायला ती मागे वळली नाही. अंबादास पातेल्यावर वाकला, नाक ओढलं.

"येतोय. ओल्या कणकेसारखा."

"बोलत ऱ्हा."

"येतोय... थोडा येतोय..." चष्म्यावर वाफ आली तशी त्याने तो पुसून पुन्हा लावला. "आता न्हाय. थांब. न्हाय, गेला."

तिने पातेलं उतरवलं. त्या खळीत तार नव्हती, चकाकीही बेताची होती. तिने थेंब अंगठ्यावर घेऊन चिमटीत दाबला. बोटं एकमेकांना चिकटून हळूच सुटली.

अमरेश आत आला. "मावशी, चार वर्षांत एका शब्दानं बोलला नाहीत."

"बोलले असते तर ठिवलं असतंत?"

अमरेशने कोपऱ्यातलं पोतं उचललं. दुकानदाराकडे न्यायला त्याचं तोंड सुतळीने बांधून ठेवलं होतं. त्याने सुतळी सोडली आणि पोतं चुलीजवळ आणून ठेवलं. "मोठं पातेलं लावा. अंबादास, खळ शिजेपर्यंत तू माग चालवायचा नाही. इथंच बसायचं."

"म्हणजे मी आता नाकाचा कामगार?"

"आन् शिजेस्तवर तंबाखू न्हाय," गौरम्मा म्हणाली.

ताणा गल्लीत पाजून वाळवला, मागावर चढला. दोन दिवस माग न अडता विणकाम झाल्यावर गौरम्माने मागाखाली ओला तळवा फिरवला. हाताला पांढरी भुकटी लागली नाही, कापसाची थोडी करडी तुसं लागली आणि दोन पातळ, चुरचुरीत पापुद्रे. तिने ते अंबादासला न दाखवता नखाने मोडून पाहिले.