शिरीषाची दुसरी बाजू

कस्टमच्या कचेरीतल्या दफ्तरखान्यात हर्लिंदा मोरानने एकतीस वर्षं काढली. त्या खोलीला खिडकी नव्हती. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी ती सवयीने घरातून निघाली, आणि कचेरीच्या दारावरून सरळ पुढे जाऊन नदीकाठच्या बागेत विलायती शिरीषाखाली बसली.

तिचं पुढचं वर्ष तिथेच गेलं. विषुववृत्ताजवळच्या त्या शहरात भरती आली की ग्वायास नदी उलटी वाहते. सकाळी समुद्राकडे निघालेले जलपर्णीचे हिरवे पुंजके दुपारी परत येत. हर्लिंदा भाजलेल्या केळ्यात चीज घालून सावकाश खाई, डोळे अर्धे मिटून घेई. सावली अंगावरून सरकली की बाकावर तीही तेवढीच सरके. आपण बसलोय की वाहतोय, हे कधीकधी तिला उमगत नसे.

जूनमध्ये माळी उल्पियानो पहार घेऊन आला. नवे बाक सिमेंटमध्ये पक्के करायचे होते, सगळे झाडाच्या दक्षिणेला, जिथे दुपारची सावली दाट होती.

"सगळे इथे नकोत," हर्लिंदा म्हणाली. "डिसेंबरात इथे ऊन येतं."

"बाई, मी वीस वर्षं राबतोय इथे."

"राबताय हो. बसलाय कधी?"

उल्पियानो हसला. "तुमच्यासारखा बसलो, तर झाडं कोण बघणार?"

"झाडं मी बघतेय की. आत्ता सूर्य उत्तरेला आहे, म्हणून सावली इकडे. डिसेंबरात तो डोक्यावरून पलीकडे जातो, मग सावली त्या अंगाला. नाताळात मी तिकडेच होते."

उल्पियानोने पहार खाली ठेवली. वर फांद्यांकडे पाहत तो जुन्या बाकावर तिच्या शेजारी टेकला. नदीवरून वारा आला. त्याच्या मातीने भरलेल्या हातांवर कवडसे हलू लागले, आणि ते हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसा तो त्यांच्याकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "साहेबांना काय सांगू?"

"निम्मे बाक तिकडे, एवढंच सांगा."

साहेबांनी कुरकुर केली, पण ऐकलं. डिसेंबरात दुपारच्या सुट्टीत आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं उत्तरेकडच्या बाकांवर दाटीवाटीने जेवायला बसू लागली. हर्लिंदाला जागाच मिळेना. मग तिने गवतावर चादर अंथरली, चपला उशाशी घेतल्या, आणि पानांमधून झिरपणारं ऊन बघता बघता तिचा डोळा लागला.