दुसरा डोळा

पेणजवळच्या जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखायचं काम माझ्यासोबतच्या एका कारागिराचं. एक डोळा झाला की दुसरा होईपर्यंत तो कुणाला ओ द्यायचा नाही.

एका सीझनला मी चार दिवस न झोपता रंगकाम करत होतो. तोंड थांबत नव्हतं, दुबईत कारखाना काढायचं ठरवून टाकलं होतं. मालक खूश होते. यानं मात्र एकच डोळा आखून ब्रश खाली ठेवला.

"दमला नायस?"

"नाय. एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं."

"मलापन असंच वाटायचं. मनाच्या ह्या आजारात झोप उडते नि तसंच वाटतं. चल, डॉक्टरकडं."

पेणच्या दवाखान्यात तो दिवसभर माझ्याशेजारी बसला.

आता मी गोळ्या घेतो, झोपतो. तो अजूनही एक डोळा झाला की मान वर करून माझ्याकडे बघतो, मगच दुसरा आखतो.